तांत्रिक चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला?

ॲट्रॉसिटीच्या खटल्याचा निकाल लागला की वस्तीत दोनच प्रश्न विचारले जातात. शिक्षा झाली का? आणि किती झाली? उत्तर देणारा वकील बऱ्याचदा खाली मान घालून सांगतो, "तांत्रिक मुद्द्यावर सुटले." मग कोणी पुढे विचारत नाही. जणू पाऊस पडला नाही, पीक गेले, त्यात कोणाचा दोष नाही, तसा हा तांत्रिक मुद्दा. आभाळातून पडलेला.

या समजुतीला माझा विरोध आहे. तांत्रिक मुद्दा आभाळातून पडत नाही. कोणीतरी एक काम करायचे होते ते केले नाही, किंवा ज्याने करायचे त्याने न करता भलत्यानेच केले, त्यातून तो जन्मतो. आणि खालच्या पातळीवर झालेली ही चूक तिथेच थांबत नाही. ती वरच्या न्यायालयाचे हात बांधते. किती शिक्षा द्यायची हे न्यायाधीशाच्या मनावर असते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेकदा ते कोणत्या अधिकाऱ्याने कोणता कागद जोडला आणि कोणता जोडला नाही, यावर आधीच ठरून गेलेले असते. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी हा रुक्ष वाटणारा विषय समजून घेतलाच पाहिजे.

शिक्षेची उतरंड

भारतातील प्रत्येक फौजदारी न्यायालयाला प्रत्येक शिक्षा देण्याचा अधिकार नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८ व २९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२ व २३ मध्ये ही उतरंड दिली आहे. द्वितीय वर्ग न्यायदंडाधिकारी एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीश कायद्यातील कोणतीही शिक्षा देऊ शकतो, पण फाशी दिली तर उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही.

आता या उतरंडीतील एक बारीक गोष्ट पाहा. अपिलात वरचे न्यायालय शिक्षा वाढवू शकते का? सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी अपील केले तर वाढवू शकते. पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली, आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय वाढवता येत नाही. दुसरी, ज्या न्यायालयाच्या निकालावर अपील आहे ते न्यायालय त्या गुन्ह्यासाठी जेवढी शिक्षा देऊ शकले असते, त्याहून जास्त अपिलातही देता येत नाही. जुन्या संहितेचे कलम ३८६ आणि नव्या संहितेचे कलम ४२७ हेच सांगते.

याचा अर्थ उदाहरणाने समजून घेऊ. एखाद्याचा हात मोडला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण हा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालला तर तो तीन वर्षांच्या वर जाऊ शकत नाही. आरोपी दोषी आहे आणि तीन वर्षे कमी पडतात असे त्याला वाटले, तर निकाल देण्याआधी प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय आहे. ती त्याने वापरली नाही, शिक्षा सुनावून मोकळा झाला, तर वरचे न्यायालय अपिलात कितीही संतापले तरी तीन वर्षांची भिंत ओलांडू शकत नाही. कायद्यात सात वर्षे लिहिलेली आहेत. पण खटला चुकीच्या पायरीवर संपला म्हणून उरलेली चार वर्षे कागदावरच राहिली.

कलम गळले की न्यायालयही खाली उतरते

इथेच आपला संबंध येतो. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा खटला विशेष न्यायालयात चालतो आणि ते सत्र न्यायालयाच्या दर्जाचे असते. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान, शिवीगाळ, जमिनीवरून हुसकावणे, पाणी बंद करणे अशा कलम ३(१) मधील गुन्ह्यांना सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. कलम ३(२)(पाच) त्याहून कडक आहे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा दलित-आदिवासी व्यक्तीविरुद्ध जातीमुळे केला असेल, तर त्याला जन्मठेप होते. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असून गुन्हा केला एवढे पुरेसे आहे.

आता समजा ॲट्रॉसिटीचे कलम तपासातल्या चुकीमुळे गळले. मागे काय उरते? शिवीगाळ, धमकी, साधी मारहाण. हे गुन्हे न्यायदंडाधिकाऱ्याच्या कक्षेतले. खटला विशेष न्यायालयातून खाली उतरतो. साध्या मारहाणीला जुन्या संहितेत एक वर्ष, शांतताभंगासाठी केलेल्या अपमानाला दोन वर्षे. अपील आता उच्च न्यायालयात नाही, सत्र न्यायालयात. पीडिताला ॲट्रॉसिटी कायद्याने दिलेले सुनावणीचे खास हक्क गेले. एका कलमाबरोबर न्यायालयाची पायरी, शिक्षेची मर्यादा, अपिलाचा मार्ग आणि फिर्यादीचा आवाज असे चारही एकदम घसरले. गावातला मुजोर माणूस दंड भरून संध्याकाळी चावडीवर परत येतो. आणि वस्तीला संदेश मिळतो तो असा, की तुमचा अपमान म्हणजे दोन शेजाऱ्यांचे भांडण.

मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्णाप्रमाणे वेगवेगळी शिक्षा सांगितली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळण्यामागे हेही एक कारण होते. संविधानाने ती विषमता कायद्याच्या पुस्तकातून हाकलली. पण कायदा समान ठेवून त्याची अंमलबजावणी विषम केली, की शिक्षेची जुनीच श्रेणी मागच्या दाराने परत येते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी हाच धोका दाखवला होता. संविधानाचे स्वरूप न बदलता केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून संविधान विकृत करता येते, असे ते म्हणाले होते. तपासाची डायरी आणि दोषारोपपत्र हेच ते प्रशासन.

बारा वर्षांचा घोळ

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर एक खरा इतिहास सांगतो. १९८९ चा कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्यात विशेष न्यायालये नेमण्याची तरतूद होती. पण या न्यायालयाने गुन्ह्याची दखल थेट घ्यायची की आधी न्यायदंडाधिकाऱ्याने प्रकरण त्याच्याकडे सुपूर्द करायचे, हे कायद्याने सांगितलेच नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९३ प्रमाणे सत्र न्यायालय थेट दखल घेऊ शकत नाही. पोलिसांनी मात्र अनेक ठिकाणी दोषारोपपत्रे थेट विशेष न्यायालयात नेऊन दिली. खटले चालले, साक्षी झाल्या, शिक्षा झाल्या.

मग २००० साली सर्वोच्च न्यायालयाने गंगुला अशोक प्रकरणात सांगितले की सुपूर्द केल्याशिवाय विशेष न्यायालयाला दखल घेता येत नाही. कायद्याचा अर्थ म्हणून ते बरोबरच होते. पण आता ज्या खटल्यांत शिक्षा होऊन गेल्या होत्या त्यांचे काय? आरोपींच्या वकिलांना आयता मुद्दा मिळाला. मध्य प्रदेशातील भूराजी प्रकरणात खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या आरोपींनी अपिलात हा मुद्दा काढला आणि उच्च न्यायालयाने अख्खा खटला पुन्हा चालवायला सांगितला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो आदेश रद्द केला. त्यांचा विचार साधा होता. खटला ज्या न्यायालयाने चालवला ते सत्र न्यायालयच होते. त्याला खून प्रकरण ऐकण्याचा आणि शिक्षा देण्याचा अधिकार होताच. सुपूर्द करण्याची पायरी राहून गेली म्हणून आरोपीच्या बचावाचे काही नुकसान झाले का? ते दाखवता येत नसेल तर शिक्षा उलटवू नये. फेरखटला हा शेवटचा उपाय आहे.

इथे प्रश्न सुटायला हवा होता. पण २००३-०४ मध्ये मोली आणि विद्याधरन या केरळच्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्याच लहान पीठांनी उलट भूमिका घेतली. सुपूर्द झाले नाही म्हणून शिक्षा टिकत नाही, असे ठरवले. एकाच न्यायालयाची दोन तोंडे झाली. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये रतिराम प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने भूराजीचा मार्ग योग्य ठरवला. आणि थेट दखल घेण्याचा अधिकार विशेष न्यायालयांना कायद्याने मिळाला तो २६ जानेवारी २०१६ पासून.

हिशेब करा. कायदा लागू झाला १९९० साली. थेट दखलीचे एक वाक्य त्यात यायला सव्वीस वर्षे लागली. २००० ते २०१२ ही बारा वर्षे तर न्यायालयांतच मतभेद होते. या काळात ज्या बाईने गावाच्या विरोधात उभे राहून साक्ष दिली, तिला पुन्हा त्याच पिंजऱ्यात उभे राहायला सांगणे म्हणजे काय असते? पहिल्या साक्षीनंतर तिचे रेशन, मजुरी, पाणवठा सगळे अडलेले असते. दुसऱ्या साक्षीपर्यंत ती टिकली तर तो चमत्कार. फेरखटला कागदावर दोन्ही बाजूंना समान संधी देतो. गावात तो आरोपीला साक्षीदार फोडायला आणखी पाच वर्षे देतो.

आणि ही चूक कोणाची होती? कायदा लिहिणाऱ्यांची, दोषारोपपत्र कुठे द्यायचे हे न पाहणाऱ्या पोलिसांची आणि ते तसेच स्वीकारणाऱ्या न्यायालयाची. फिर्यादीची नव्हती.

तपास कोणी केला?

दुसरा नेहमीचा मुद्दा तपास अधिकाऱ्याच्या दर्जाचा. १९९५ च्या नियमांतील नियम ७ प्रमाणे ॲट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. हा नियम आपल्यासाठीच आहे. गावातल्या हितसंबंधांत गुंतलेल्या ठाण्याच्या हातात तपास राहू नये, वरिष्ठ आणि जबाबदार अधिकाऱ्याने तो करावा, हा त्याचा हेतू.

पण होते काय? उपअधीक्षक बंदोबस्तात असतात. जबाब फौजदार घेतो, पंचनामा हवालदार लिहितो, उपअधीक्षक शेवटी सही करतात. काही वेळा तीही करत नाहीत. २००९ मध्ये चुन्नीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने तपास केला असेल तर ॲट्रॉसिटीच्या कलमांची दखल घेता येणार नाही, भारतीय दंड संहितेची कलमे मात्र नेहमीच्या न्यायालयात चालू राहतील. खटला वाचला, हे बरे झाले. पण वाचला तो जात काढून टाकून. पीडिताच्या रक्षणासाठी केलेला नियम पोलिसांनी मोडला आणि त्याचा लाभ आरोपीला मिळाला. ज्याने कुंपण मोडले त्याला कोणी विचारत नाही, आणि शेत मात्र आपले खाल्ले जाते.

जातीच्या दाखल्याचेही तेच. फिर्यादी बौद्ध किंवा मातंग आहे हे अख्ख्या गावाला माहीत असते. वेशीबाहेरचे त्याचे घरच ते सांगते. पण दोषारोपपत्राला जातीचा दाखला जोडलेला नसतो आणि निकालात वाक्य येते की फिर्यादी अनुसूचित जातीचा असल्याचे सरकार पक्षाने सिद्ध केले नाही. दाखला मिळवून जोडणे हे तपास अधिकाऱ्याचे एका दिवसाचे काम आहे.

खैरलांजीने काय दाखवले

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या तपासाची सुरुवात कशी झाली हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पहिले शवविच्छेदन इतके अपुरे होते की दुसऱ्यांदा करावे लागले. तोवर काय पुरावा उरला असेल? रस्त्यावर आंदोलन उभे राहिले तेव्हा तपास सीबीआयकडे गेला.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. पण त्याच निकालात ॲट्रॉसिटी कायद्याखाली दोष सिद्ध झाला नाही, स्त्रियांच्या विनयभंगाचाही नाही, कटाचाही नाही. बलात्काराचा तर दोषारोपच नव्हता. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलल्या.

आपल्याकडे चर्चा झाली ती फाशी का गेली याची. माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न दुसरा होता. फाशी असो की पंचवीस वर्षे, ती कोणत्या गुन्ह्यासाठी? जात निकालातून गेली की उरते ते जुने वैर आणि सूड. शिक्षा ठरवताना न्यायाधीश गुन्ह्याचा हेतू, क्रौर्य, समाजावरचा परिणाम तोलतो. जातीचा हेतू दोषारोपात टिकलाच नाही तर वरच्या न्यायालयाच्या तराजूत तो येणार कसा? अपिलाचे न्यायालय खालून आलेल्या कागदांवर चालते. खाली जे नोंदलेच गेले नाही ते नागपुरात उगवत नाही, दिल्लीतही उगवत नाही.

पण प्रक्रिया आपली शत्रू नाही

इतके वाचून एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल, मग ही प्रक्रियाच जाळा, शिक्षा महत्त्वाची. त्याला थांबवून सांगावेसे वाटते, घाई करू नकोस. प्रक्रिया झुगारली की पहिला बळी कोणाचा पडतो ते आधी बघ.

२००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, हत्या आणि बलात्काराचा भयंकर गुन्हा घडला. त्यात सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीचे, मजुरी करून जगणारे. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी अपील केले आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे उघड झाले की ज्या तिघांची शिक्षा जन्मठेपेवरून फाशीवर नेली, त्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. वर सांगितलेली पहिली मर्यादा, आरोपीला संधी दिल्याशिवाय शिक्षा वाढवू नये, ती देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयातच पाळली गेली नव्हती. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही नंतर समोर आले.

२०१८ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. भरपाई प्रत्येकी पाच लाख. प्रक्रियेचा तो एक 'तांत्रिक' मुद्दा नसता तर हे सहा जण कदाचित फासावर गेले असते.

शिक्षेपूर्वी आरोपीला ऐकणे ही औपचारिकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संता सिंग प्रकरणात सांगितले होते. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल ऐकलेच नाही, तर ती दुरुस्त न होणारी शिक्षा ठरते, ती रद्द करून पुन्हा ऐकावे लागते. पुढच्याच वर्षी आपल्या परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाच्या अपिलात न्यायालयाने त्यात भर घातली. प्रत्येक वेळी प्रकरण खाली पाठवायची गरज नाही, वरचे न्यायालय स्वतः शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला ऐकून ही उणीव भरून काढू शकते. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. आरोपीचा हक्कही राखला जातो आणि खटल्याचे चाकही मागे फिरत नाही.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फौजदारी अपिलांवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले होते. संविधानाच्या अनुच्छेद १३४ मध्ये, उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्याला अपिलात फाशी दिली तर सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क दिला आहे. वरचे न्यायालय शिक्षा वाढवते तेव्हा अधिक सावध राहायला हवे, ही दृष्टी त्यामागे आहे. आपण त्या परंपरेचे आहोत. जमावाच्या न्यायाचे नाही.

मग भेद कसा करायचा?

एक चूक आरोपीचा बचावाचा हक्क हिरावते. त्याला ऐकले नाही, वकील दिला नाही, दोषारोप कशाचा आहे हेच कळू दिले नाही. अशी चूक झाली तर शिक्षा उलटलीच पाहिजे, मग आरोपी कोणीही असो.

दुसरी चूक यंत्रणेच्या अंतर्गत कामाची असते. कागद या टेबलावरून त्या टेबलावर कसा गेला, सही कोणाची होती. त्यातून आरोपीचे खरे नुकसान झालेले नसते. जुन्या संहितेचे कलम ४६५, म्हणजे आताचे कलम ५११, हाच भेद करते. न्यायाची हानी झाली असेल तरच निकाल उलटवा, आणि आक्षेप आधीच घेता आला असता का हेही पाहा. कायदा आहे, कसोटी आहे, रतिरामचा निकाल आहे. तरीही खालच्या न्यायालयांत ॲट्रॉसिटीच्या खटल्यात प्रत्येक कागदी त्रुटी जीवघेणी ठरते, आणि इतर खटल्यांत तीच त्रुटी 'किरकोळ' म्हणून पोटात घातली जाते. आपला आक्षेप या दुटप्पीपणाला आहे.

तपास अधिकाऱ्याच्या दर्जाबाबतही हीच कसोटी लावावी, अशी माझी मागणी आहे. उपअधीक्षकाने तपास केला नसेल तर सक्षम अधिकाऱ्याकडून तो पुन्हा करून घ्या, पण कलम गाळू नका. आणि ज्याने नियम मोडला त्याच्यावर कलम ४ लावा. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला या कलमाखाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. साठ दिवसांत दोषारोपपत्र देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. हे कलम वापरले गेले तर पुढच्या दहा अधिकाऱ्यांना दाखला जोडायची आठवण आपोआप राहील.

आपण काय करायचे

निकालाच्या दिवशी मोर्चा काढून उपयोग नसतो. शिक्षा पहिल्या साठ दिवसांत ठरते. म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने गुन्हा नोंदवल्यावर एवढे बघावे:

तपास उपअधीक्षकांकडे दिल्याचा लेखी आदेश आहे का, आणि जबाब कोणी नोंदवले? जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडला का? दहा वर्षांवरील गुन्हा असेल तर कलम ३(२)(पाच) लावले का? आरोपी पीडिताला आधीपासून ओळखत होता हे जबाबात आले का? तसे असेल तर जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम ८ सांगते. दोषारोप निश्चित होताना एखादे कलम सुटले का? निकालापूर्वी केव्हाही दोषारोपात बदल करता येतो, तसा अर्ज द्यायला सरकारी वकिलांच्या मागे लागा. उणीव आपणच आधी दाखवली आणि वेळीच भरून घेतली, तर आरोपीला अपिलात हुकमाचा पत्ता उरत नाही.

आणि शिक्षेच्या दिवशी गप्प बसू नका. कलम १५अ ने पीडिताला जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकले जाण्याचा आणि शिक्षेबद्दल लेखी निवेदन देण्याचा हक्क दिला आहे. पीडिताला नोटीस देणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. किती कुटुंबे असे निवेदन देतात? बहुतेकांना हा हक्क आहे हेच कोणी सांगितलेले नसते.

शेवटचा मुद्दा अपिलाचा. सर्वसाधारण कायद्यात पीडित व्यक्ती निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवल्याविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करू शकते. शिक्षा कमी आहे म्हणून करू शकत नाही. ते फक्त सरकार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. पण ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १४अ वेगळ्या शब्दांत लिहिले आहे. विशेष न्यायालयाच्या कोणत्याही निकालाविरुद्ध, शिक्षेविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील चालेल, असे ते म्हणते आणि इतर कायद्यात काहीही असले तरी, असेही म्हणते. अपील फक्त आरोपीने किंवा सरकारने करावे असे त्यात कुठेही नाही. आपल्या वकिलांनी हा युक्तिवाद नेटाने मांडला पाहिजे. सरकार अपील करायला विसरते, हे आपण भरपूर पाहिले आहे.

कायद्याची भाषा आपल्यापासून हजारो वर्षे लपवून ठेवली गेली. ती शिकून बाबासाहेबांनी तिलाच शस्त्र केले. दाखला, सही, आदेश, नोटीस ही त्या शस्त्राची धार आहे. ती बोथट ठेवणाऱ्याला जाब विचारणे हे आजचे काम आहे. यापुढे कोणी 'तांत्रिक मुद्द्यावर सुटले' म्हणाले की पुढचा प्रश्न विचारा. कोणाच्या चुकीमुळे? आणि त्याला काय शिक्षा झाली?

जय भीम!